तीन इंटरव्ह्यू झाले, तिन्हीकडे "कळवतो" म्हणाले. कंपनीला नक्की हवं काय असतं?

डिप्लोमावाला_हडपसर
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय यावर्षी, ६८ टक्के. दोन इंटरव्ह्यू चाकणला दिले आणि एक भोसरीला, सगळीकडे "कळवतो" आणि नंतर फोन नाही. ऑटोकॅडचा कोर्स केलाय, सॉलिडवर्क्सपण येतं. भोसरीच्या साहेबांनी तर मार्कशीट उघडूनसुद्धा बघितली नाही, व्हर्नियर (सरकत्या जबड्यांचं मोजायचं साधन) हातात दिला आणि म्हणाले हा जॉब (मशीनवर केलेला भाग) मोज, मी मोजला, बरोबरच मोजला असं मला तरी वाटतं, मग म्हणाले ठीक आहे, या आता, कळवतो. बाबा म्हणतात इंग्लिशचा क्लास लाव, मित्र म्हणतो ओळखीशिवाय काही होत नाही. जे खरंच माणसं घेतात त्यांनी सांगा ना, बघता काय तुम्ही?

शॉपवाले_काका
बाळा, भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. तो साहेब मी नव्हे, पण व्हर्नियर मीही देतो. रीडिंग काय आलं ते आम्ही नंतर बघतो रे. आधी बघतो की पोराने जबडे पुसले का, बंद करून झिरो चेक केला का, जॉबला बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कच, आहे का म्हणून बोट फिरवलं का, आणि मुख्य म्हणजे ड्रॉइंग मागितलं का. मी तर मुद्दाम दहा मायक्रॉन टॉलरन्सचा, म्हणजे मापात ०.०१ मिमीचाच फरक चालतो असा जॉब देतो आणि हातात व्हर्नियर, ज्याचा लीस्ट काउंटच, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी. जो म्हणतो "काका, याने नाही होणार, मायक्रोमीटर द्या", त्याला मी बसवून घेतो. बाकीचे तिसऱ्या दशांशापर्यंत आकडा ठोकून देतात, कुठून आणतात देव जाणे.

दुसरी गोष्ट सांगतो. आमच्या एका ऑपरेटरने थर्ड शिफ्टला मशीनला ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) टाकताना ०.०५ च्या जागी ०.५ टाकला. अकरा जॉब अंडरसाइज. कळल्यावर त्याने स्वतः मशीन थांबवलं, अकराच्या अकरा रिजेक्ट मालाच्या लाल बिनमध्ये टाकले आणि सकाळी मी यायच्या आधी रजिस्टरला लिहून ठेवलं. चिडलो मी, मटेरियल काय फुकट येतं? पण तोच पुढे आमचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, झाला. ते अकरा त्याने गपचूप चांगल्या मालात मिसळले असते तर कस्टमरच्या लाइनवर सापडले असते, मग अख्ख्या लॉटचं सॉर्टिंग, आमची दोन माणसं चार दिवस तिकडे उभी, डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचे पैसे कापल्याची चिठ्ठी, येते ती वेगळीच. म्हणून मी इंटरव्ह्यूला विचारतो की कॉलेजच्या वर्कशॉपला काय बिघडवलंस सांग. "मी परफेक्शनिस्ट आहे" म्हणणाऱ्याला चहा पाजतो आणि पाठवून देतो.

एचआरवाली_ताई
काकांशी सहमत, फक्त आमच्याकडे व्हर्नियरपर्यंत पोचायच्या आधीच निम्मे गळतात. रेझ्युमेवर "हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर" सगळ्यांच्याच असतं, आम्ही ते वाचतच नाही. प्रोजेक्ट मात्र वाचतो. रेडीमेड प्रोजेक्ट विकत मिळतात हे आम्हालाही माहितीये, त्यामुळे मी एवढंच विचारते की यात तू स्वतः काय केलंस आणि कुठे अडलास. ज्याने खरंच केलाय तो वेल्डिंग कसं वाकडं आलं ते पाच मिनिटं सांगत बसतो, बाकीचे "आम्ही ग्रुपने केला".

आणि तू हडपसरचा ना? मग चाकणवाल्यांनी कसा येणार म्हणून विचारलं असेलच. काय उत्तर दिलंस? फर्स्ट शिफ्ट सातला सुरू झाली की झाली, नाशिक फाट्याचं ट्रॅफिक हे कारण कोणी रोज ऐकून घेत नाही. "मॅनेज करेन" म्हणालास की आम्ही समजतो, हा दोन महिन्यांत सोडणार.

थर्ड_शिफ्ट_पीडित
सगळं छान आहे पण खरं बोला की राव, अर्ध्या ठिकाणी हवा असतो तो स्वस्तातला, ओव्हरटाइमला नाही न म्हणणारा पोरगा. मी वर्षभर अप्रेंटिस होतो, काम पर्मनंटवाल्याएवढंच, वर्ष संपलं की थँक्यू. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने स्टायपेंड द्यावा लागतो पण पुढे कायम करायचं बंधन नाही. त्यामुळे मित्रा तूपण प्रश्न विचार, ट्रेनिंगनंतर काय, मागच्या बॅचमधले किती घेतले. चिडले तर तिथेच कळतं.

एचआरवाली_ताई
@थर्ड_शिफ्ट_पीडित, नाकारत नाही. पण विचारलं म्हणून मी तरी कोणाला नापास केलेलं नाही, उलट असा प्रश्न विचारणारा टिकतो.

डिप्लोमावाला_हडपसर
काका, खरं सांगतो, जबडे पुसले नव्हते. झिरोपण नाही बघितला. आणि ताई, मी "मॅनेज करेन" हेच म्हणालो होतो, दोन्हीकडे. प्रोजेक्ट मात्र आमचा स्वतःचा आहे, पेडलवर चालणारा पाण्याचा पंप, पहिल्यांदा पाणीच चढेना कारण सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या) पाइपला जॉइंटमधून हवा घेत होता, हे रेझ्युमेत लिहू का? मला वाटलं वाईट दिसेल.

शॉपवाले_काका
लिही म्हणजे? वरच लिही. हवा कुठून घेतोय ते शोधलं कसं?

डिप्लोमावाला_हडपसर
साबणाचं पाणी लावून, डिलिव्हरी (पाणी बाहेर पडायची बाजू) बंद करून उलटा प्रेशर दिला तेव्हा बुडबुडे आले. बरं, चाकणच्या वाटेवर मोशीत रूम शेअरिंगला साधारण किती पडतं कोणी सांगेल का?