फुकुशिमाची सफाई: माती साफ झाली की नुसती हलवली?

मृद्गंध

फुकुशिमाची सफाई जवळपास पूर्ण झाली असं अधूनमधून वाचायला मिळतं आणि दर वेळी मला एकच विचारावंसं वाटतं, मग ती माती आहे कुठे? मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पात तीन अणुभट्ट्यांचा गाभा वितळला, आजूबाजूच्या जमिनीवर किरणोत्सारी द्रव्यं पडली, दीड लाखाहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली, आणि पुढची काही वर्षं गावोगावी जमिनीचा वरचा साधारण ५ सेंटिमीटरचा थर खरवडून मोठाल्या काळ्या पिशव्यांत भरायचं काम चाललं. शेतांत त्या पिशव्यांच्या थप्प्याच्या थप्प्या. काही पिशव्यांत आत राहिलेल्या बिया रुजल्या आणि गवत प्लास्टिक फाडून वर आलं. सप्टेंबर २०१५ च्या पुरात इटाते गावातल्या शेकडो पिशव्या वाहून गेल्या.

आता यातली बहुतेक माती ओकुमा आणि फुताबा या दोन गावांत, म्हणजे प्रकल्पाला लागूनच, साधारण १६ चौरस किलोमीटर जागेत आणून ठेवलीय. सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर. मार्च २०४५ पर्यंत ती फुकुशिमा प्रांताबाहेर न्यायची असं कायदाच म्हणतो, पण कुठे न्यायची त्याचा पत्ता नाही.

त्या मातीतलं मुख्य किरणोत्सारी द्रव्य म्हणजे सीझियम-१३७, ते जाळून संपत नाही. कचरा जाळला तर आकार कमी होतो पण सीझियम राखेत राहतं, उलट जास्त दाट होऊन. ते निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात. हलवायचं, झाकायचं आणि वाट बघायची, याच्यापलीकडे माणसाच्या हातात काही नाही, आणि परत या म्हणून लोकांना सांगणाऱ्या सरकारने हे आधी तोंडावर सांगायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

चिकित्सक

सहमत नाही. हलवणं आणि वाट बघणं हाच उपाय आहे आणि तो चांगला लागू पडतो. शेवटचा कण उचलणं हा कुणाचाच हेतू नव्हता, माणसाला मिळणारा किरणोत्साराचा डोस कमी करायचा होता. जी माती पोराच्या खेळायच्या अंगणात होती ती आता खाली अस्तर, वर स्वच्छ मातीचा थर आणि पाण्यावर देखरेख असलेल्या जागी आहे, त्या पोरासाठी हा फरकच सगळं काही आहे.

शेतीचं बघा. सीझियम चिकणमातीच्या कणांत घट्ट अडकून बसतं, पिकाला सहजासहजी मिळत नाही, आणि जमिनीत पोटॅश पुरेसं असेल तर भात ते आणखी कमी उचलतो. २०१२ पासून प्रांतातल्या तांदळाची एकूण एक पिशवी तपासायला सुरुवात झाली, वर्षाला सुमारे १ कोटी पिशव्या, मर्यादा किलोला १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक). २०१५ च्या पिकापासून एकही पिशवी मर्यादेच्या वर गेली नाही, म्हणून तर २०२० पासून बहुतेक ठिकाणी नमुना तपासणीवर आले. याला तुम्ही नुसतं हलवणं म्हणणार असाल तर अन्याय आहे.

अनवट

चिकित्सक, तांदळाचं मान्य, पण प्रांताचा साधारण ७० टक्के भाग जंगल आहे त्याचं काय? जंगलात सफाई झाली ती घरांपासून साधारण २० मीटरपर्यंत. त्याच्या पुढे डोंगर आहे तसाच. पानांवर पडलेलं सीझियम पानगळीबरोबर खाली आलं, पालापाचोळा कुजून मातीत गेलं, तिथून मुळं आणि बुरशी ते परत वर घेतात, असं ते फिरतच राहतं. म्हणून इतक्या वर्षांनीही रानातली अळंबी आणि रानडुकराचं मांस मर्यादेच्या वर सापडतं. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर पार जर्मनीत, बव्हेरियात, रानडुकरांत सीझियम सापडतंय आणि त्याला कितीतरी दशकं झाली.

तिकडच्या डोंगराळ गावांत अळंबी, रानभाज्या गोळा करणं हा जगण्याचा भाग होता. घर साफ करून दिलं आणि डोंगर बंद ठेवला तर त्या माणसाला अर्धंच गाव परत मिळालं ना.

आणि घर तरी कितपत? छपराची कौलं कामगारांनी अक्षरशः कागदी रुमालाने एकेक पुसली, पन्हळी साफ केल्या, तरी पागोळ्या जिथे पडतात तिथल्या मातीत किरणोत्साराचा आकडा चढा निघायचा, कारण छपरावरचं सगळं पावसाबरोबर तिथेच येऊन साचलेलं.

चिकित्सक

जंगल न खरवडण्याचा निर्णय योग्यच होता. डोंगरउतारावरचा थर काढला असता तर पहिल्या मोठ्या पावसात उरलेली माती नदीत आली असती, खालची शेतं परत खराब झाली असती आणि जंगलही गेलं असतं. मर्यादा आहेतच, मी नाही म्हणतच नाहीये, पण मर्यादा ओळखून काम करणं म्हणजे अपयश नव्हे.

मृद्गंध

डोस कमी झाला त्याचं सगळं श्रेय फावड्याला देऊ नका. सुरुवातीच्या किरणोत्सारात मोठा वाटा सीझियम-१३४ चा होता, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, जेमतेम २ वर्षं, ते कुणी हात लावला नसता तरी उतरणारच होतं. अजून पाऊस, वारा, सीझियमचं मातीत खोल जाणं. फावड्याने पण काम केलंय, पण किती टक्के फावड्याचं आणि किती आपोआप हे वेगळं करून लोकांना सांगितलं जात नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी जे आहे ते तर अजून तिथेच आहे. तीन भट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन वितळलेलं इंधन पडलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिला नमुना बाहेर आला, वजन १ ग्रॅमपेक्षाही कमी. भट्ट्यांतल्या दूषित पाण्याचंही तसंच, त्यातली बाकीची बहुतेक किरणोत्सारी द्रव्यं गाळता येतात पण ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, एवढ्या पाण्यातून वेगळं करणं व्यवहारात जमत नाही म्हणून ऑगस्ट २०२३ पासून ते पाणी पातळ करून समुद्रात सोडतायत.

सांजवेळ

मला तुम्हा दोघांच्या बोलण्यात माणसं कमी दिसतायत. घरी परतायला परवानगी देताना मर्यादा धरली वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (माणसाला मिळणाऱ्या डोसचं एकक), आणि दूरचं उद्दिष्ट म्हणून १. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत राहायचं की नाही हे कुणी ठरवायचं? पोटुशी बाई आणि ऐंशीचे आजोबा यांना एकच आकडा कसा लावता?

दुसरी बाजूही खरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार तिथल्या रहिवाशांच्या तब्येतीवर थेट किरणोत्सारामुळे झालेला दुष्परिणाम नोंदला गेलेला नाही. पण घाईघाईत हलवलेले म्हातारे रुग्ण, वर्षानुवर्षं तात्पुरत्या घरात काढलेले दिवस, औषधोपचारात पडलेला खंड, यातून प्रांतात २३०० पेक्षा जास्त माणसं गेली, म्हणजे प्रत्यक्ष भूकंप आणि त्सुनामीत तिथे गेलेल्यांपेक्षा जास्त. त्यामुळे पूर्ण स्वच्छ होईपर्यंत कुणी परतू नये, असं जर कुणी म्हणत असेल तर मला ते पटणार नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. जे सरकारी आदेश नसताना स्वतःहून बाहेर पडले त्यांना मिळणारी मोफत घरं मार्च २०१७ मध्ये बंद केली आणि त्याच सुमारास इटातेसारखी गावं खुली केली. म्हणजे परत जा किंवा भाडं भरा. सफाई झाली म्हटलं की मदत थांबवायला कारण मिळतं, म्हणून सफाई झाली की नाही हा वाद पैशाचाही आहे.

चिकित्सक

मदत बंद करणं चूकच, तिथे सांजवेळ यांच्याशी शंभर टक्के सहमत. पण त्याच न्यायाने मातीचंही बोला. साठवलेल्या मातीपैकी साधारण तीन चतुर्थांश माती किलोला ८००० बेकरेलच्या, म्हणजे सरकारने पुनर्वापरासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या, आत आहे, ती रस्त्याच्या भरावात खाली घालून वर साधी माती टाकली तर धोका नगण्य. तरी २०२२ मध्ये तोक्यो आणि आसपास अशा वापराच्या नुसत्या चाचणीचं नाव काढलं तर रहिवासी विरोधात उभे राहिले. अशाने ती माती ओकुमातच राहणार.

ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये भंगारात गेलेल्या एका वैद्यकीय यंत्रातून १०० ग्रॅमच्याही आत सीझियमची पूड बाहेर आली आणि तेवढ्यापायी सुमारे ३५०० घनमीटर कचरा निघाला, घरं पाडावी लागली. पण त्यांनी कायमची साठवणही त्याच राज्यात, शहराजवळ बांधली आणि विषय मार्गी लावला.

सांजवेळ

त्या प्रकल्पाची वीज तोक्योकडे जायची, फुकुशिमाला नाही. त्यामुळे तोक्योवाल्यांनी थोडी माती घ्यावी हे मागणं रास्त आहे. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या आवारात थोडी वापरली तशी आणखी ठिकाणी वापरा, पण मग ८००० चा आकडा ठरवताना ज्यांच्या दारात ती येणार त्यांनाही बोलवा. आकडा आधी ठरवायचा आणि समजूत मागाहून घालायची, यानेच लोक बिथरतात.

मृद्गंध

आणि ओकुमा-फुताबातल्या जमीनमालकांना विसरू नका. काहींनी जमीन विकली, पण काहींनी नुसती वापरायला दिली, ती २०४५ ला परत मिळणार या बोलीवर. पिढीजात शेतं आहेत ती. ३० वर्षांतली दहाच्या वर उलटून गेली तरी जागा शोधण्याचं घोंगडं भिजतच पडलंय. चिकित्सक, तुमच्या हिशेबाने पाऊण माती भरावात गेली असं धरू, उरलेल्या पाव हिश्श्याचं, तीस-पस्तीस लाख घनमीटरचं काय, कुठला प्रांत घेणार ते सांगा.

चिकित्सक

कुठलाच प्रांत आपणहून घेणार नाही. त्या पाव हिश्श्यातली माती धुवून, भाजून सीझियम वेगळं काढता येतं, मग कायमचं ठेवायचं घनमान खूप कमी होतं, पण खर्च वाढतो आणि जे उरतं ते जास्त तीव्र असतं. तरीही मी तोच मार्ग घेईन, आणि जमीनमालकांना २०४५ जमणार नसेल तर ते आत्ताच कळवून नव्याने करार करायला हवा.