मदत हवी आहे: ४० मुलांचे शालेय संच, बूट आणि दप्तरावर गाडी अडली

नमस्कार मंडळी. पहिली ते चौथीच्या ४० गरजू मुलांसाठी संच जमवतोय. वह्या-पेन्सिलींचं बऱ्यापैकी जमलंय, तरी चुकत असेल तर टोका.

पहिली-दुसरीला दुरेघी आणि चौकटीची वही, तिसरीपासून एकेरी. वर्षभराच्या वह्या एकदम दिल्या तर भिजतात, हरवतात, धाकट्या भावंडांच्या हाती लागतात; म्हणून अर्ध्या आता, अर्ध्या सहामाहीनंतर. पेन्सिली प्रत्येकी १०, खोडरबर २, शार्पनर १. हलक्या पेन्सिलीचं शिसं आतल्या आत तुटलेलं असतं, टोक काढता काढता पेन्सिलच संपते. तिथे काटकसर नको.

आता खरी अडचण, बूट. वयावरून माप धरलं की हमखास चुकतं. मुलाला मोजे घालून उभं करायचं, दोन्ही पावलं कागदावर रेखायची, मोठं पाऊल धरायचं आणि पुढे साधारण १ सेंटीमीटर मोकळं ठेवायचं, इथवर ठीक. पण माप घेतल्यापासून बूट हातात येईपर्यंत दोन-तीन महिने गेले तर? जागा किती वाढवता? फार सैल बुटाने टाच सोलवटते, मग मूल अनवाणीच येतं. पट्ट्यांचे सँडल बरे पडतील का?

दुसरं दप्तर. आधी चेन जाते, मग खांद्याच्या पट्ट्याची शिवण उसवते. शिवण दुहेरी आहे का ते ओढून बघतोच. चेनऐवजी बक्कल असलेली दप्तरं कुणी वाटली आहेत का? लहानांना ती एकट्याने उघडता येतात का?