एका हंगामाच्या सोटोसाठी पाच खेळाडू: सौदा कोणाला लाभला?

प्रश्न: अमेरिकी बेसबॉलमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये पाद्रेस संघाने फलंदाज हुआन सोटो व ट्रेंट ग्रिशम यांकीज संघाला देऊन पिचर (चेंडू टाकणारा) मायकेल किंगसह पाच खेळाडू घेतले. सोटो वर्षभरात करारमुक्त होणार हे ठाऊक असताना यांकीजनी एवढी किंमत मोजणे योग्य होते का?

उत्तर १: खेळाडूचे मोल केवळ त्याच्या फलंदाजीवर ठरत नाही, तो किती हंगाम आणि किती पगारात संघाकडे राहील, हेही त्यात धरावे लागते. सोटोला २०२४ साठी ३.१ कोटी डॉलर मिळाले, तर किंगवर पाद्रेसला दोन हंगामांचा हक्क मिळाला आणि त्याने पहिल्याच हंगामात २०१ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले.

उत्तर २: त्याच सौद्यातून आलेला तरुण पिचर ड्रू थॉर्प पुढे करून पाद्रेसने मार्चमध्ये व्हाइट सॉक्स संघाकडून पिचर डिलन सीझ मिळवला आणि सीझने जुलैत नो-हिटर (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देणारा पूर्ण सामना) टाकला. माझ्या मते खरी हुशारी इथेच दिसली.

उत्तर ३: यांकीजना घाटा झाला, असे मात्र मला वाटत नाही. सोटोने ४१ होमरन मारले आणि क्लीव्हलंडविरुद्ध दहाव्या डावात त्याने मारलेल्या तीन धावांच्या होमरनमुळे संघ २००९ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीजला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेला, पोहोचला. नंतर तो १५ वर्षांच्या, ७६.५ कोटी डॉलरच्या करारावर मेट्स संघाकडे गेला, तेव्हा यांकीजच्या हाती भरपाई म्हणून ड्राफ्टमधील (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) चौथ्या फेरीनंतरची एक निवड तेवढी आली.