तळं कॉटेजबरोबर विकत मिळत नाही

'डॉकजवळून (काठाच्या लाकडी धक्क्याजवळून) कायाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, नेली म्हणून तळ्याकाठच्या कॉटेजवाल्या आजोबांनी हाकललं, तळं खाजगी असेल का?' असं एकाने विचारलंय. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतापुरतं सांगतो.

इथल्या बहुतेक मोठ्या तळ्यांचा तळ सरकारी, म्हणजे क्राउन लँड. त्यामुळे पाण्यातून कायाक न्यायला आजोबांची परवानगी लागत नाही. डॉकवर चढून डबे उघडलेत, तर मात्र ते ओरडणारच! खरी गुंतागुंत काठाची आहे. जुन्या मोजणीत बऱ्याच तळ्यांभोवती ६६ फुटांची पट्टी रस्त्यासाठी राखलेली होती. काही ठिकाणी ती अजून टाउनशिपची, म्हणजे स्थानिक पालिकेची आहे, काही ठिकाणी कॉटेजवाल्यांनी रीतसर विकत घेतली. 'प्रायव्हेट'ची पाटी दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे उतरण्याआधी टाउनशिपच्या ऑफिसात विचारलेलं बरं.

पाहुणे तळ्याकाठी कचरा करतात ही तक्रार खरीच आहे, त्यात आपली मंडळीही आली. पण काठापासून ३० मीटरच्या आत ताशी १० किलोमीटरची मर्यादा असताना सुसाट बोटी पळवणारे बरेचदा कॉटेजवालेच असतात. लून पक्षी अगदी पाण्याच्या कडेला घरटं करतो. बोटींच्या लाटेने अंडी वाहून जातात. कॉटेजच्या गळक्या सेप्टिक टाक्यांबद्दल तर कुणी बोलतच नाही.

आणि स्वतःची बोट ओढून आणणाऱ्यांनो, २०२२ पासून तळ्यातून बाहेर काढल्यावर बूच काढून पाणी सोडणं आणि चिकटलेलं शेवाळ, शिंपले साफ करणं सक्तीचं आहे. झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले, असेच एका तळ्यातून दुसऱ्यात पसरतात.