मदत हवी आहे: आईचा लॅपटॉप सुरू व्हायला नऊ मिनिटं घेतोय. रॅम वाढवू, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकू की फॉरमॅट मारू?

नमस्कार मंडळी,

आईचा लॅपटॉप २०१५ चा. पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. आई कराडला, मी पुण्यात. महिन्यातून दोनदा घरी जाणं होतं आणि दर खेपेला पहिला अर्धा दिवस या लॅपटॉपपुढे जातो.

परवा घड्याळ लावून बसले. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला अडीच मिनिटं, वर्डमध्ये पहिलं अक्षर उमटायला नऊ. आई बटण दाबते आणि कुकर लावायला जाते. कुकर उतरतो तरी पडद्यावरचं वर्तुळ फिरतंच असतं. टाईप केलेलं मागून येतं. ती "जात्यावर" लिहिते, काही दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहिते, आणि मग दोन्ही शब्द एकदम उमटतात.

त्यात काय आहे ते सांगते, म्हणजे माझी घाई का ते कळेल. गेली सहा वर्षं आई आजूबाजूच्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करतेय. म्हाताऱ्या बायकांच्या आवाजातली साडेतीनशेच्या वर रेकॉर्डिंग आणि त्यांचं टाईप केलेलं लेखन, सगळं याच लॅपटॉपवर. निम्मंच पेनड्राइव्हवर उतरवलंय.

आतापर्यंत केलेले उपाय: नको ती सॉफ्टवेअरं काढली, टेम्प फायली पुसल्या. दुरुस्तीच्या दुकानात नेला तर त्यांनी वेग वाढवणारं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यानंतर आणखीच मंद झाला. ते आता "फॉरमॅट मारा" म्हणतायत. नवीन घ्यायला आई तयार नाही, याच कीबोर्डवर तिचा हात बसलाय.

नेमकं काय करू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, खर्चाचं नंतर बघू. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा आणि तीन आकडे इथे द्या: अ‍ॅक्टिव्ह टाईम किती टक्के, रीड स्पीड किती, आणि अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाईम किती. मेमरीवर क्लिक केलं की खाली "स्लॉट्स यूझ्ड" दिसेल, तेही द्या. स्टार्टअपच्या टॅबमध्ये काय काय चालू आहे?

वेग वाढवणारं ते सॉफ्टवेअर आजच काढा. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करून लॅपटॉप पळायला लागत नाही. उलट ते स्वतःच सुरुवातीपासून मागे चालू राहतं आणि डिस्क खातं.

धागाकर्ती

आईला फोनवर सांगून आकडे मिळवले. लॅपटॉप सुरू होऊन अर्धा तास झाल्यावरचे आहेत, तेव्हा फक्त वर्ड उघडं होतं.

अ‍ॅक्टिव्ह टाईम १०० टक्के. रीड स्पीड १.२ एमबी. रिस्पॉन्स टाईम २,८०० मिलिसेकंदांच्या आसपास, मध्येच पाच हजारांवर जातो. स्लॉट दोनपैकी एक वापरात. स्टार्टअपमध्ये चौदा नोंदी. अँटिव्हायरस दोन निघाले, त्यातल्या एकाची मुदत केव्हाच संपलीय.

वेगवालं सॉफ्टवेअर काढलं. सुरू व्हायला आता सात मिनिटं.

प्रतिसाद १

हे आकडे बघून मला काळजी वाटतेय. मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या धडधाकट डिस्कला एका वाचनाला १५-२० मिलिसेकंद पुरतात. कामाचा बोजा असला तर थोडे जास्त. १०० टक्के राबूनही १.२ एमबीच हाताला लागत असेल आणि एकेका वाचनाला तीन-तीन सेकंद जात असतील, तर हा नुसता मंदपणा नाही. डिस्क तीच तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं, ते चालवून बघा. वर निळं "गुड" आहे की पिवळं "कॉशन"? खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या ओळींपुढचे आकडे कळवा. तोवर डीफ्रॅग करू नका, चेकडिस्क लावू नका (दोन्ही डिस्कला आणखी राबवतात) आणि फॉरमॅटचं तर नावही काढू नका.

धागाकर्ती

पिवळं आहे. ०५ पुढे शेवटी १८, सी५ पुढे ३०, सी६ पुढे शून्य.

प्रतिसाद १

ते आकडे दहाऐवजी सोळावर आधारलेल्या मोजणीतले (हेक्साडेसिमल) असतात. म्हणजे १८ चे खरे २४ आणि ३० चे खरे ४८. चोवीस सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) डिस्कने बाद करून त्यांच्या जागी राखीव घेतले आहेत, आणि अठ्ठेचाळीस असे आहेत की ते धड वाचता येत नाहीत आणि अजून बादही झालेले नाहीत. डिस्क मरायला टेकली आहे. किती दिवस टिकेल हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता क्रम असा. आईंना म्हणावं, लॅपटॉप बंद करा आणि तुम्ही येईपर्यंत सुरू करू नका. जाताना बाहेरची हार्ड डिस्क घेऊन जा. पहिल्यांदा रेकॉर्डिंग उतरवा, एका दमात सगळी नाही, एकेका गावाचा फोल्डर घ्या. मग टाईप केलेल्या फायली. फोटो शेवटी. रोबोकॉपी (विंडोजमधली फायली उतरवायची आज्ञा) वापरत असाल तर पुन्हा प्रयत्न करायची संख्या १ ठेवा. मूळ सेटिंग दहा लाख प्रयत्नांची आहे आणि दर वेळी ते ३० सेकंद थांबतं. एकाच खराब फाईलवर डिस्क रगडून मरेल.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत, फक्त एक भर. डिस्क आजारी असताना ती जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करण्याच्या भानगडीत पडू नका. एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. लायसन्स त्या मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे इंटरनेट मिळालं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी घ्या, आईंच्या कामाला २५६ जीबी पुष्कळ झाली. रिकाम्या स्लॉटमध्ये ४ जीबी रॅम टाका, पण दुकानात डीडीआर३एल, १.३५ व्होल्टची, असं स्पष्ट सांगून. साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ या पिढीला चालत नाही.

विंडोज ११ अधिकृतरीत्या यावर बसणार नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. पुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीचा विचार करा. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, त्यासाठी काही पुसावं लागत नाही.

धागाकर्ती

शनिवार-रविवार कराडला होते, म्हणून उशिरा लिहितेय. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

उतरवायला शनिवार सकाळपासून रात्री अकरापर्यंत वेळ लागला. मध्ये दोनदा डिस्कमधून टकटक आवाज आला, तेव्हा अर्धा तास बंद ठेवून पुन्हा सुरू केला. सगळी रेकॉर्डिंग आली, तीन सोडून. आई शेजारी वही घेऊन बसली होती, फोल्डर उतरला की त्या गावापुढे खूण करत होती.

रविवारी एसएसडी आणि रॅम बसवली. मागचे स्क्रू मीच काढले. पंख्यावर धुळीचा जाड थर होता, तो ब्रशने काढला. आता बटणापासून वर्डमधल्या पहिल्या अक्षरापर्यंत ४० सेकंद. आईला खरंच वाटेना, तिने तीनदा बंद करून चालू केला.

साधेपणासाठी एवढंच केलं: डेस्कटॉपवर चारच चिन्हं, अक्षरं १२५ टक्के, ब्राउझरमधल्या सगळ्या साइटची नोटिफिकेशन बंद (जाहिराती तिथूनच येत होत्या), अँटिव्हायरस फक्त विंडोजचा स्वतःचा. आईचं खातं साधं ठेवलंय, त्यामुळे नवीन काही टाकायचं तर पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडे आहे. हे तिला विचारूनच केलं.

त्या तीन फायलींचं काय करता येईल?

प्रतिसाद १

जुनी डिस्क आता विंडोजला जोडूच नका. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते चांगला भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या आणि फायली त्या प्रतीतून शोधा. एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये दोन-चार सेकंदांची खोट राहील, बाकीचं ऐकू येईल.

धागाकर्ती

पुण्यात एका मित्राच्या मदतीने केलं. प्रत घ्यायला दीड दिवस लागला. दोन फायली पूर्ण मिळाल्या, तिसरीत मध्येच एक ओळ तुटते. आईकडे ती ओवी वहीत लिहिलेली होती.

आता शेवटची अडचण. पहिल्या दोन वर्षांचं लेखन जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षरं ओळखली जातात ती ठरलेली पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये आहे. नव्याने विंडोज टाकल्यावर तो फॉन्ट गेला आणि फायलींत नुसती इंग्रजी अक्षरं-चिन्हं दिसतात. फॉन्टची फाईल जुन्या डिस्कच्या प्रतीत सापडली, ती टाकल्यावर वाचता येतं. पण हे सगळं युनिकोडमध्ये आणायचं आहे. एक कन्व्हर्टर वापरून पाहिला तर रफार पुढच्या अक्षरावर सरकतो आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते. अशा चाळीसेक फायली आहेत. कुणी हे काम केलं असेल तर कोणत्या क्रमाने केलंत ते सांगाल का? आईला दिवाळीपर्यंत छापायला द्यायचंय.