जुनी डिझेल जीप: स्टिअरिंगला प्ले (मोकळी हालचाल), हेडलाइट मंद

प्रश्न: स्टिअरिंग दोन इंच फिरवलं तरी चाकं हलत नाहीत. शिवाय इंडिकेटर लावला की हेडलाइट लुकलुकतात. बॅटरी नवी आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी स्टिअरिंग बॉक्सच्या (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी गिअरची पेटी) स्क्रूला हात लावू नका, सगळे तीच चूक करतात. चाकं जमिनीवर असू द्या. एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड (बॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे आणि त्यांचे सांधे) आणि बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट बघायचे. जिथे एक बाजू हलते आणि पुढची हलत नाही, तिथेच झीज. मग जॅक लावून चाक वर-खाली हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, नाही गेला तर किंग पिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खीळ). सगळं घट्ट निघालं तरच चाकं सरळ ठेवून, चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) सैल करून बॉक्सचा स्क्रू पाव फेरा आवळा. जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ परत येत नाही.

उत्तर २: दिव्यांचं लक्षण अर्थिंगचं (बॅटरीच्या निगेटिव्हचा इंजिन-बॉडीशी असलेला जोड) वाटतंय. मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि इंजिन ब्लॉकवर लावून स्टार्टर मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी खराब. हेडलाइट लावून बॉडीवरही तसंच मोजा. जोड घासकागदाने चकचकीत करा, आवळा, वर व्हॅसलिन. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत.

प्रश्नकर्ता: बॉडीवर १.१ व्होल्ट!

उत्तर २: सापडलं. फ्यूज मात्र जास्त अँपिअरचा घालू नका, वायर जळेल.