नाथसागरावरच्या प्रबंधातून पेपर कसा काढायचा?

पाणथळ_पैठण: पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) आहे. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर ६ ठिकाणी, दर महिन्याला, २ वर्षं पाणपक्ष्यांची मोजणी. प्रकरणं चार, म्हणून चार पेपर पाठवायचा विचार होता. पहिले दोन रिव्ह्यूअरकडे न जाताच परत आले: 'नुसती यादी आहे'. दुरुस्ती कुठे करावी?

गाळपेर: चार विसरा. अभ्यासक्षेत्र आणि साहित्याचा आढावा यांचा पेपर होत नाही. विदा (डेटा) एका प्रश्नाभोवती बांधा. तुमच्याकडे तो आहेच: पाण्याची पातळी. धरण १५२२ फुटांना भरतं. पाणी उतरलं की चिखलपट्टा उघडा पडतो, तुतवार, शेकाट्या असे चिखलात टिपणारे पक्षी तिथे चरतात. वारकरी (कूट) हा पोहणारा पक्षी मात्र पाण्यातच राहतो. सगळे 'पाणपक्षी' म्हणून एकत्र बेरीज केली की दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. प्रत्येक मोजणीच्या तारखेची पातळी जलसंपदा विभागाच्या नोंदींतून घ्या आणि पक्ष्यांचे गट पाडा. एका वर्षीचा ऑक्टोबर तुडुंब, दुसऱ्या वर्षीचा अर्धा, अशा वेळी 'हिवाळा–उन्हाळा' तुलनेला अर्थ उरत नाही.

ऋण_द्विपद: गाळपेर यांच्या सल्ल्यात एक खड्डा आहे. ६ × २४ = १४४ ओळी झाल्या तरी पातळी त्या दिवशी सहाही ठिकाणी एकच असते. म्हणजे पातळीपुरते नमुने २४च. १४४ धरले तर पी-मूल्य (निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता मोजणारा आकडा) खोटं छान दिसतं. हर्लबर्टने १९८४मध्ये यालाच स्यूडोरेप्लिकेशन (एकच नमुना अनेकदा मोजणं) म्हटलं. मॉडेलमध्ये ठिकाण आणि भेटीची तारीख, दोन्ही रँडम इफेक्ट घ्या, म्हणजे एकाच ठिकाणच्या किंवा एकाच दिवसाच्या ओळी स्वतंत्र धरल्या जात नाहीत. थव्यांच्या मोजणीत प्रसरण (आकड्यांचा विखुरलेपणा, व्हेरिअन्स) सरासरीपेक्षा फार मोठं असतं, तेव्हा ते सरासरीइतकंच धरणारं पॉयसाँ मॉडेल नको, निगेटिव्ह बायनॉमिअल घ्या. मोजणीची मिनिटं ऑफसेटमध्ये (लॉग घेऊन), म्हणजे कमी-जास्त वेळ मोजल्याचा फरक निघून जातो. एनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची नेहमीची तुलना) तर नकोच.

पाणथळ_पैठण: मिनिटं लिहिलेली नाहीत. 'सकाळी ६ ते ९' एवढंच.

ऋण_द्विपद: मग ऑफसेट सोडा. पद्धतीच्या भागात तसं स्पष्ट लिहा, आणि विश्लेषण 'दिसला / नाही दिसला' या स्वरूपातही करून दाखवा. दोन्हींचा कल एकच आला तर रिव्ह्यूअर बहुधा अडवणार नाही.

संपादन_टेबल: पाठवण्याआधी तीन गोष्टी. साम्य तपासणीत (नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तुमचाच प्रबंध सापडेल. कव्हर लेटरमध्ये त्याचा दुवा द्या आणि पद्धतीचा मजकूर नव्याने लिहा. जायकवाडी अभयारण्य आहे, तेव्हा वन विभागाच्या परवानगीचा क्रमांक आणि तारीख हवी. घरट्यांचे अक्षांश-रेखांश ढोबळच द्या. आणि 'आम्ही केअर यादीत आहोत, आठ दिवसांत छापतो' म्हणणाऱ्यांकडे पैसे भरू नका. ती मान्य नियतकालिकांची यादी यूजीसीने २०२५मध्ये बंद केली. प्रबंध देण्याआधी पेपरची सक्तीही २०२२च्या नियमांत उरलेली नाही. पक्ष्यांची यादी फेकू मात्र नका, पुरवणीत जोडा.